जागलीचा कुत्रा : कोणते नियम सोडावे, कोणते धरावे



संत्र्याचा बगीचा असो, पराटीचे वावर असो की घरामागचा गोठा असो, आपल्या खापरखेड्याच्या शिवारात कुत्र्याशिवाय कास्तकारी क्वचितच दिसते. रात्री रानडुकरे येतात, रोही येतात. जागलीला गेलेला माणूस एकटा नसतो, त्याच्या पायाशी कुत्रा असतो. असे असूनही बैलाची आपण किंमत करतो, शेळीची करतो, कुत्र्याची करत नाही. कारण तो फुकट आलेला असतो. गोऱ्ह्याला जुवाखाली धरायचे तर आपण किती दिवस खपतो! आधी मोकळे जू, मग हलके ओझे, मग शांत बैलाची जोड. कुत्र्याला मात्र काहीच शिकवायचे नाही, आणि त्याने सगळे समजून वागायचे, अशी आपली अपेक्षा असते.

मी काही पशुवैद्य नाही. तुमच्यासारखाच कास्तकार आहे. पण कुत्र्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे चार शब्द.

मोत्याची गोष्ट

माझे वावर रस्त्याला लागून आहे. आपल्याकडचे औष्णिक वीज केंद्र १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच्याही आधीपासून कोळशाच्या खाणी आहेत. त्यामुळे पाळीवर जाणारी माणसे आमच्या धुऱ्यावरून दिवसरात्र जात-येत असतात. मोत्याला मी आणला तेव्हा तो जेमतेम एक महिन्याचा होता. थोडा मोठा झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलीमागे धावू लागला. कापसाच्या बोंडाएवढे पिलू, तुरुतुरु पळे, भुंके, पडे, पुन्हा उठे. पोट्टे टाळ्या वाजवत. मीही हसायचो आणि म्हणायचो, "वा! मोठेपणी राखण चांगली करील."

दीड वर्षाने थंडीच्या दिवसांत एक माणूस रात्रपाळीला मोटारसायकलवर निघाला होता. अंधारातून मोत्या सुटला तो थेट त्याच्या पायावर. माणसाने गाडी वळवली आणि तो नालीत पडला. मनगटाचे हाड मोडले. पोटरीला दाताचा ओरखडा आला.

मी काठी घेऊन धावलो. माणसाला उठवले, रस्त्याकडेला बसवले. तोवर मोत्या परत येऊन माझ्या पायाशी शेपूट हलवत उभा होता. रागाच्या भरात मी त्याला तिथेच झोडपले. परिणाम काय झाला? पुढे महिनाभर मी हाक मारली की तो लांब पळायचा. गाडीमागे धावणे मात्र एका दिवसानेही सुटले नाही.

आणि मोत्याला रेबीजची लस टोचलेली नव्हती. "यंदा राहून गेली, पुढच्या वर्षी पाहू," हे माझे उत्तर. त्या माणसाला प्लॅस्टर लावून लसीसाठी दवाखान्याच्या चकरा माराव्या लागल्या. हातावर पोट असलेल्याची रोजी बुडाली. मोत्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायला सांगितले होते. त्या दहा दिवसांत माझ्या घरात कोणाला घास गोड लागला नाही. रोज सकाळी उठून आधी कुत्रा पाणी पितो का, भाकर खातो का, हे पाहायचे. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पहिल्यांदा तो सायकलमागे धावला, तेव्हा तुम्ही काय केले?"

मी म्हटले, "हसलो."

कडक नियम आले कोठून

कुत्रा शिकवण्याचे म्हणून बरेच नियम लोक सांगतात. मालकाने आधी जेवावे, कुत्र्याने मागून. दारातून मालकाने आधी जावे. कुत्र्याला खाटेवर बसू देऊ नये. ओढाओढीच्या खेळात त्याला जिंकू देऊ नये. उर्मटपणा केला तर उताणा पाडून दाबून धरावे, म्हणजे मालक कोण ते त्याला कळते.

यातले बरेचसे फौजेतून आणि पोलिसांतून आले. जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. त्यात शिस्त होती तशी सक्तीही होती. पुढे १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते लांडगे एकमेकांवर गुरगुरत, वरचढपणासाठी भांडत. लोकांनी त्यावरून ठरवले की कुत्रा लांडग्याच्या जातीचा आहे, म्हणून मालकाने सतत त्याच्यावर कुरघोडी केली पाहिजे.

बंधूंनो, चार गावची ढोरे एका कोंडवाड्यात घातली तर ती एकमेकांना शिंगे मारणारच. त्यावरून आपल्या गोठ्यातल्या गाय-वासराचा स्वभाव ठरवायचा का? अमेरिकेतले डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही जुनी समजूत मांडली होती. पुढे त्यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली स्वतःच लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिले, एक कुटुंबच.

म्हणून हे कुरघोडीचे नियम तुम्ही पाळत नसाल तर बिघडत नाही. कुत्र्याला आधी भाकर टाकली म्हणून तो मालक होत नाही. माघाच्या थंडीत जागलीवर तो तुमच्या घोंगडीच्या कडेला झोपला तर झोपू द्या. "उतर" म्हटल्यावर उतरला म्हणजे झाले. रात्री धुऱ्यावरून तो पुढे चालला तर उलट बरेच. वाटेत काही असेल तर आधी त्याला कळते. उताणा पाडून दाबण्याचा प्रकार तर करूच नये. घाबरलेला कुत्रा अशा वेळी तोंडावर चावतो. पिलाने घरात मुतले म्हणून त्याचे नाक त्यात घासण्यानेही काही साधत नाही. ते भित्रे होते, इतकेच.

पण हे नियम मोडू नका

पहिला नियम. पिलू दोन महिन्यांचे होईपर्यंत आईजवळून काढू नका. मी महिन्याचेच आणले, ही माझी पहिली चूक. भावंडांशी खेळताना जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. दाताला आवर घालणे पिलू तिथे शिकते. घरी आणल्यावर तीन महिन्यांच्या आतच त्याला माणसे, लेकरे, शेळ्या, कोंबड्या, सायकल, ट्रॅक्टर यांची शांतपणे ओळख करून द्या. या वयात पाहिलेल्या गोष्टींचे भय सहसा बसत नाही. लस पूर्ण होईपर्यंत मात्र त्याला आजारी किंवा मोकाट कुत्र्यांत सोडू नका.

दुसरा नियम. मोठ्या कुत्र्यात जे नको, ते पिलात चालवून घेऊ नका. बोटे चावणे, धोतर-लुगडे ओढणे, कोंबडीमागे धावणे, हे पिलाने केले की आपल्याला गंमत वाटते. तीच सवय वर्षाने वीस किलोच्या अंगात येते. आणि पोट्ट्यांना एक ताकीद द्या, माणसावर किंवा ढोरावर "छू" म्हणून कुत्रा सोडायचा नाही. खेळात शिकलेले छू खेळापुरते राहत नाही.

तिसरा नियम. एका कामाला एकच शब्द. बाप म्हणतो "ये", माय म्हणते "यू यू", पोट्टे म्हणते "चल बे". कुत्र्याने ऐकायचे कोणाचे? घरातल्या सगळ्यांनी बसून चार शब्द ठरवावे. ये, थांब, सोड, जा. एवढ्यावर शेतातल्या कुत्र्याचे आयुष्य निघते. पंजा द्यायला शिकवले नाही तरी चालेल.

चौथा नियम. शाबासकी असो की नकार, त्याच घटकेला द्या. रशियातले पावलोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की खाण्याआधी रोज एकच खूण केली तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. एकापाठोपाठ लगेच घडणाऱ्या दोन गोष्टींची तो सांगड घालतो. मोत्या गाडीमागे धावला आणि परत आला. मार बसला तो परत आल्यावर. म्हणून तो शिकला की धन्याजवळ आले की मार बसतो. चूक कुत्र्याची नव्हती, माझी होती.

पाचवा नियम. बांधावे, पण जन्मभर बांधू नये. "दिवसा बांधा, रात्री सोडा" ही जुनी रीत आहे. दिवसभर हातभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो. दोरी लांब असावी, सावली आणि पाणी असावे, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून आणावे. रात्री सोडायचा तो कुंपणाच्या आत, रस्त्यावर नाही. जिथे बिबट्या फिरतो तिथे रात्री त्याला उघड्यावर बांधू नका, आडोशाला आत घ्या. रानडुकराच्या अंगावरही घालू नका, सुळ्याने पोट फाटते. कुत्र्याचे काम भुंकून तुम्हाला उठवण्याचे आहे, झुंजण्याचे नाही.

शिकवावे कसे

भाकरीचे बोराएवढे तुकडे खिशात ठेवा. कुत्र्याला भूक लागलेली असताना, म्हणजे त्याच्या खाण्याआधी, सकाळी पाच मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे पुरेत. गळ्यात पट्टा आणि दहा-बारा हात दोरी घ्या. "ये" म्हणा. आला की लगेच तुकडा आणि मायेचा हात. नाही आला तर ओरडू नका, दोन पावले मागे सरा, तो येतो. जवळ आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नका, मग त्याने आधी काही केलेले असो.

गाडीमागे धावणे मोडण्यासाठी मी मोत्याला दोरीवर धरून रस्त्यापासून बराच आत उभा राहू लागलो. गाडी दिसली आणि त्याचे कान उभे झाले की लगेच, तो सुटण्याआधी, "मोत्या, ये." माझ्याकडे वळला की तुकडा. हळूहळू रस्त्याच्या जवळ सरकलो. जवळपास दोन महिने लागले. मध्येच एक दिवस दोरी न लावता सोडला आणि तो धावला, तेव्हा पुन्हा मागून सुरुवात करावी लागली. शेळ्या-कोंबड्यांची सवयही अशीच लावता येते.

लस आणि चावा

लसीचा नियम मोडायला कोणतीही सबब चालत नाही. रेबीज झाल्यावर, म्हणजे लक्षणे दिसू लागल्यावर, माणूस काय आणि जनावर काय, बहुधा वाचत नाही. कुत्र्याला पहिली लस तीन महिन्यांचा झाल्यावर, पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. तारीख गोठ्याच्या भिंतीवर गेरूने लिहून ठेवा. पिले नको असतील तर नसबंदी करून घ्या. त्याने कुत्रा राखण करायचे सोडत नाही.

कुत्रा चावला किंवा दात लागून कातडे सोलले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद, तेल काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पोटात चौदा सुया टोचण्याची जुनी पद्धत आता राहिलेली नाही, लस दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेतही औषध टोचावे लागते. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा घ्या. कुत्रा पाळलेला असला किंवा त्याला लस दिलेली असली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी बसू नका.

गाय-बैलाची लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर घशात काही अडकले समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. आधी पशुवैद्यांना बोलवा.

बंधूंनो, तो माणूस आजही आमच्या धुऱ्यावरून पाळीला जातो. त्याने मला माफ केले. मोत्या आता रस्त्याकडे पाहत नुसता बसून असतो. तरी आमचे वावर जवळ आले की तो माणूस गाडी हळू करतो आणि उजवीकडून जातो. ते पाहिले की मला अजून खाली पाहावे लागते. तुमच्या दारी आज पिलू असेल, तर ही वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका. शिकवणीला आज संध्याकाळपासूनच लागा.

राम राम.

लक्षात ठेवा

१. पिलू दोन महिन्यांचे झाल्यावरच आईजवळून आणावे.
२. मोठेपणी नको ती सवय पिलात हसून चालवू नये.
३. घरातल्या सगळ्यांचे शब्द एकच असावेत : ये, थांब, सोड, जा.
४. शाबासकी लगेच द्यावी. परत आलेल्या कुत्र्याला मारू नये.
५. रात्री कुंपणाच्या आत सोडावा, रस्त्यावर नाही.
६. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.
७. चावल्यास साबण-पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.