‘व्वा’ने संपणारी नावे

निपाणी, संकेश्वर, चिकोडी या बाजूच्या जुन्या घरांतील स्त्रियांची नावे एकापाठोपाठ एक उच्चारली, तर प्रत्येकीचा शेवट एकाच ठेक्यावर येतो : गंगव्वा, नागव्वा, बसव्वा, निंगव्वा, कल्लव्वा, यल्लव्वा. पुण्या-मुंबईकडील माणसाला हा शेवट परका वाटतो व ही नावे कानडी म्हणून तो बाजूला सारतो. परंतु या भागात घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतही आजीचे नाव याच वळणाचे आढळते. आता मात्र पाळण्यातील मुलीच्या वाट्याला ते क्वचितच येते.

या नावांची घडण सरळ आहे. कानडीत ‘अप्प’ म्हणजे बाप आणि ‘अव्व’ म्हणजे आई. मुलगा झाला तर बसप्पा, मुलगी झाली तर बसव्वा; तसाच निंगप्पा आणि निंगव्वा, कल्लप्पा आणि कल्लव्वा. दैवताच्या नावापुढे आईबापांचे नाते जोडले की माणसाचे नाव तयार होते. दक्षिण कर्नाटकात याच जागी बहुधा ‘अम्मा’ येते, उत्तरेकडे ‘अव्वा’. बारा दिवसांच्या तान्ह्या मुलीला जन्मतःच ‘आई’ म्हणून हाक मारावयाची, हा या शेवटातील भाव होय.

मराठीला हा भाव अनोळखी नाही. मुक्ताई, जनाई ही नावे तशीच घडली आहेत; पंढरीचा विठोबाही भक्तांच्या तोंडी विठाई झाला. बेळगाव जिल्ह्यातच सौंदत्तीला यल्लम्मा आहे आणि बेळगावच्या वडगावात मंगाई आहे. दोन्ही नावांत हाक आईलाच आहे.

इतिहासातही या शेवटाची मुळे खोल गेलेली दिसतात. जुन्या कानडीत आईला ‘अब्बे’ असाही शब्द होता. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून त्या वाटणारी दानशूर स्त्री अत्तिमब्बे याच नावाने ओळखली जाते. 1824 साली कंपनी सरकारशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा तर याच जिल्ह्यातील. बाराव्या शतकातील शिवशरणींत मुक्तायक्का होऊन गेली. तिचा भाऊ अजगण्ण. पुढच्याच शतकात मराठीत मुक्ताई झाली. तिचा भाऊ ज्ञानदेव. एकीच्या नावाला ‘अक्का’ म्हणजे थोरली बहीण जोडली गेली, दुसरीच्या नावाला ‘आई’. दोघींचीही आठवण भावासह निघते आणि दोघींचीही वाणी स्वतंत्रपणे उभी आहे.

1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून या गावात भाषेचा प्रश्न जिव्हाळ्याचा व वेदनेचाही झाला. अशा वातावरणात नावाच्या शेवटावरून माणसाची बाजू ठरविण्याचा मोह होतो. तथापि पाळण्याभोवती जमलेल्या बायकांनी ही वाटणी कधी मानली नाही. बारशाला मराठी घरात घुगऱ्या वाटतात, शेजारच्या कानडी घरात गुग्गरी. पदार्थ एकच आणि शब्दही एकाच कुळातला.

खरी अडचण कागदावर येते. घरची गंगव्वा शाळेच्या दाखल्यात गंगूबाई आणि मतदारयादीत गंगम्मा झाली, तर उतारवयात ही तिघी एकच आहे हे तिलाच सिद्ध करावे लागते. अडलेले निवृत्तिवेतन किंवा वारसाहक्काचा तुकडा अशा एका अक्षरावर अडून राहतो. म्हणून नाव जसे हाकेत आहे तसेच ते नोंदले जावे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नाव न ठेवताही जन्माची नोंद करता येते आणि नाव मागाहून घालता येते. म्हणजे विचार करण्यास घरच्यांना सवड असते.

आजच्या आईबापांना ईशा, अन्वी अशी हलकी नावे आवडतात, यात गैर काही नाही. नावाची आवड पिढीगणिक पालटतच आली आहे. पण आजी गेल्यावर तिचे नाव नातीला देण्याची रीत दोन्ही भाषांच्या घरांत होती, ती या शेवटापाशीच येऊन का अडावी? ‘व्वा’ हा गावंढळपणाचा शिक्का नव्हे. नाव जुने वाटले तरी त्याचा अर्थ मुलीला एकदा सांगितला पाहिजे. ज्या नावात दोन भाषांनी मिळून ‘आई’ म्हटले आहे, ते सांगताना तिने मान खाली घालण्याचे कारण नाही.