सोने गेले, माणसे उरली



कंपनीने वसविलेले गाव म्हणजे काय, हे ग्रंथांतून समजू शकते. परंतु कंपनी निघून गेल्यावर मागे काय उरते, ते पायी हिंडल्यावाचून कळत नाही. कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्समध्ये मारिकुप्पम स्थानकावर उतरून जो चॅम्पियन रीफ्स व उरगावच्या दिशेने चालू लागेल, त्याला भारतीय औद्योगिक इतिहासाची सव्वाशे वर्षे रस्त्याच्या दुतर्फा मांडलेली दिसतील.

प्रथम दृष्टीस पडतात ते राखी रंगाचे उजाड ढिगारे. खडक दळून, सायनाइडच्या साहाय्याने सोने वेगळे केल्यावर उरलेला हा गाळ. वारा सुटला की त्याची धूळ वस्तीत शिरते. पुढे गंजलेले लोखंडी मनोरे; त्यांच्याखाली खाणीची विवरे. चॅम्पियन रीफची खोली तीन किलोमीटरांहून अधिक होती. एकीकडे गोऱ्या अधिकाऱ्यांचे प्रशस्त बंगले व क्लब, दुसरीकडे कामगारांच्या ठेंगण्या चाळी. येथील वर्गरचना समजण्यास कोणत्याही तक्त्याची गरज नाही.

१८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने हा कारभार हाती घेतला. १९०२ साली शिवसमुद्रमची वीज खाणींना मिळाली. बंगळूर शहराला ती १९०५ मध्ये पोहोचली. नफ्याची निकड नागरिकांच्या गरजेआधी कशी भागविली जाते, याचे हे ठळक उदाहरण होय. भूगर्भात उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळभाषक दलित होते. खडक फुटून होणारे अपघात व दगडाच्या धुळीने जडणारा सिलिकोसिस त्यांच्या वाट्याला आला. कंपनीच्या ताळेबंदात यंत्रांचा घसारा मांडला जाई. कामगारांच्या फुप्फुसांचा नव्हे.

१९५६ साली खाणी म्हैसूर सरकारकडे आल्या, १९६२ मध्ये केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. येथे समाजवाद्यांनी थांबून विचार करावयास हवा. मालकी बदलली, पण काय खणावे, किती खणावे, खनिज सरल्यावर गावाने कशावर जगावे, हे ठरविण्याचा अधिकार खाणकामगाराच्या हाती आला काय? सोने संपत येणार, ही गोष्ट गुप्त नव्हती. तरीही पर्यायी उद्योगांची पुरेशी तरतूद झाली नाही. २००१ साली खाणी बंद झाल्या. राष्ट्रीयीकरण हे समाजीकरणाचे पहिले पाऊल आहे, समाजीकरण नव्हे, हा धडा या चाळींच्या भिंतींवर कोरलेला आहे.

आज येथील अनेक माणसे पहाटेच्या गाडीने बंगळुरास रोजगारासाठी जातात व रात्री परततात. ज्या गावाला देश सोन्याची भूमी म्हणत असे, ते आता श्रमशक्तीची निर्यात करते.

२०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने या ढिगाऱ्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास संमती दिली. म्हणजे कचऱ्यालाही किंमत आली. त्या किमतीत चाळींतल्या कुटुंबांचा वाटा किती, राहत्या घराचा हक्क कोणाचा आणि धुळीने ग्रासलेल्यांच्या औषधोपचाराचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न करारांवर सह्या होण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. नंतर विचारलेले प्रश्न इतिहासात जमा होतात; आधी विचारलेले प्रश्न चळवळ उभी करतात.