एकच शब्द, तीन कामे



सातारा-सांगलीकडील आपल्या पुष्कळ मुलांच्या घरात उर्दू किंवा दखनी, गल्लीत मराठी आणि वहीत इंग्रजी असते. मूल 'ऑन यस्टरडे' लिहिते, गुण जातात, आणि घरी वर बोलणी बसतात. डोके नाही म्हणून ते चुकत नाही. शब्दाला एक अर्थ व एकच जात असते, असे गाइडे पाठ करून त्याला वाटू लागलेले असते.

उर्दूतला 'कल' पाहा. 'कल आया था' म्हटले की मागचा दिवस, 'कल आएगा' म्हटले की पुढचा. मराठीतला 'परवा'ही तसाच. शेजारच्या शब्दावरून अर्थ ओळखणे मुलांना घरीच येते. इंग्रजीत शब्दाची जातही तशीच ओळखावी. 'आय केम यस्टरडे' यात केव्हा आलो ते कळते. म्हणून ते क्रियाविशेषण. 'यस्टरडे वॉज संडे' यात तोच शब्द कर्ता, म्हणून नाम. आपण 'सोमवारी' म्हणतो तेथे इंग्रजीत 'ऑन मंडे' येते. 'काल'ला आपण असा प्रत्यय लावीत नाही, तसा 'यस्टरडे'ला 'ऑन' लागत नाही.

अधिक घोटाळा 'सिन्स'चा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. '1919 पासून' म्हणजे 'सिन्स 1919'. येथे 'सिन्स' नामाला जोडलेले, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे. 'संस्था स्थापन झाल्यापासून' म्हणजे 'सिन्स इट वॉज फाउंडेड'. येथे ते दोन वाक्ये सांधते, म्हणून उभयान्वयी. संस्था 1924 साली साताऱ्यास आली आणि 'हॅज बीन देअर सिन्स', तेव्हापासून तेथेच आहे. येथे ते एकटे, क्रियाविशेषण. मराठीत 'पासून' प्रत्येक वेळी मागच्या शब्दाला चिकटते, म्हणून हा फरक चटकन दिसत नाही.

इंग्रजी न येणाऱ्या आईलाही यात मदत करता येईल. 'याचा अर्थ काय?' असे न विचारता 'हा शब्द इथे काय काम करतो?' असे विचारावे. शब्दकोशात शब्दापुढे जातीची खूण छापलेली असते. मुले ती ओलांडून थेट अर्थावर जातात. ती मोठ्याने वाचावयास लावा.

आज रात्री 'बिफोर' घ्या. 'परीक्षेपूर्वी', 'घंटा होण्यापूर्वी' आणि नुसते 'पूर्वी', अशी तीन वाक्ये करून प्रत्येकाखाली त्याची जात लिहा.