पाण्याचे दुखणे



गेल्या आठवड्यात याच व्यासपीठावरून राज्यघटना आणि शेतीचे अर्थकारण यांसारख्या गहन विषयांचा परामर्श घेतला गेला. त्यानंतर, समुद्र आणि पुणे यांच्यामध्ये सबंध सह्याद्री आडवा उभा असताना, काचेच्या पेटीत आजारी पडलेल्या एका समुद्रपुष्पाच्या शुश्रूषेवर बोलण्याची मुभा चालकांनी मला का दिली असावी, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. परंतु मुभा मिळाली आहे, तेव्हा बोलतो.

समुद्रपुष्प हे नाव गोड आहे, आणि तितकेच फसवे. हा प्राणी जेलीफिश आणि प्रवाळ यांचा आप्त. त्याला हाड नाही, मेंदू नाही, आणि शरीराला द्वार एकच, ज्यातून अन्न आत जाते आणि त्यातूनच मळ बाहेर पडतो. पाकळ्या म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो ते संस्पर्शक दंशपेशींनी भरलेले असतात. माझ्याकडे आहे ते फुगीर टोकांचे, बाजारात 'बबल टिप' या नावाने विकले जाणारे समुद्रपुष्प होय. त्याच्या ऊतींत असंख्य एकपेशीय शैवाले वस्तीला असतात. ती प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला खंडणीसारखा देतात. म्हणजे या पाहुण्याचे निम्मे पोट दिव्याने भरते, उरलेले कोळंबीच्या तुकड्याने. शेजारी प्रवाळ आहे का, असे पुष्कळजण विचारतात. नाही, खडकाळ प्रवाळांना 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणून माझ्या पेटीतले खडक मानवनिर्मित आहेत. पाहुण्यांना ते खरे वाटतात, आणि मीही त्यांचा गैरसमज दर वेळी दूर करतोच असे नाही.

आता दुखण्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, घर तापून निघत असताना, एके सकाळी ते आकसून सुपारीएवढे झालेले दिसले. तोंड उघडे पडलेले, संस्पर्शक लोंबलेले, आणि जोडीने राहणारे दोन क्लाउनमासे, ज्यांना माझा नातू अर्थातच निमो म्हणतो, दूर कोपऱ्यात भांबावून उभे. माझ्या हातून त्या दिवशी ज्या चुका झाल्या त्यांची यादी सांगण्यासारखी आहे, कारण नवशिक्या पालकांकडून नेमक्या त्याच घडतात. अशक्तपणा आला असेल म्हणून मी चिमट्याने कोळंबीचा मोठा तुकडा तोंडाशी धरला. तो तासाभराने जसाच्या तसा बाहेर आला. उजेड कमी पडत असावा म्हणून त्याला खडकावरून सोडवून दिव्याजवळ हलवायला गेलो, आणि तळपाय, ज्याने ते खडक धरून असते, थोडा फाटला. शेवटी माशांसाठी आणलेले तांबेयुक्त औषध घालण्याचा विचार मनात आला. सुदैवाने बाटलीवरचा मजकूर वाचण्याची बुद्धी झाली, कारण तांबे हे अशा बिनकण्याच्या जिवांना साक्षात विष आहे.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. समुद्रपुष्प आकसले म्हणजे ते आजारीच असते, असे नाही. दिवसातून एखादे वेळी ते पोटातले पाणी टाकून लहान होते, मळ बाहेर टाकते आणि काही तासांत पुन्हा फुलते. या नित्यक्रमाला रोग समजून इलाज करणारा माणूसच त्याला रोगी करतो. चिंतेची लक्षणे वेगळी असतात. तोंड दिवसेंदिवस सैल उघडे राहणे, संस्पर्शकांचा चिकटपणा जाणे, पायाची पकड सुटून प्रवाहात वाहू लागणे, ही ती लक्षणे. पकड सुटलेले समुद्रपुष्प पंपाच्या तोंडाशी खेचले जाऊन चिरडले जाऊ शकते, म्हणून तिथे जाळी अथवा स्पंज बसवण्याची तजवीज आधीच असावी. आणि शेवटची परीक्षा नाकाची: सडल्याचा वास आला, अंग विरघळू लागले, की क्षणभरही भावनेत न अडकता ते बाहेर काढावे, कारण दोनशे लिटर पाणी एका मृत प्राण्याचा भार फार काळ सोसू शकत नाही.

माझ्या समुद्रपुष्पाला असा वास नव्हता. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते तिसऱ्या दिवशी केले: पाण्याची तपासणी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान 27 अंश. परंतु क्षारतामापकात विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या जागी 1.031 दिसले, आणि मग रोजनामा काढून हिशेब मांडला तेव्हा दोषी इसम घरातच सापडला. उन्हाळ्यात पाणी थंड राहावे म्हणून मी पृष्ठभागावर पंखा लावला होता. बाष्पीभवनाने पाणी थंड होते, पण दररोज चारेक लिटर उडून जाते. उडते ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहते. ते पाणी भरून काढायचे ते गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याने, एवढे साधे शास्त्र. आणि मी, समुद्राचा प्राणी आहे तेव्हा समुद्राचेच पाणी द्यावे या भोळ्या तर्काने, नऊ दिवस मिठाचे पाणी ओतत राहिलो. लिटरला पस्तीस ग्रॅम या दराने छत्तीस लिटरांतून सव्वा किलोहून अधिक जादा मीठ त्या बिचाऱ्याच्या अंगावर चढवले होते. बाजारातल्या ज्या दुकानदाराला मी मनातल्या मनात दोन दिवस शिव्या मोजत होतो, त्याची मनोमन क्षमा मागितली.

उपचार म्हणाल तर एकच: जे जितक्या दिवसांत चढले ते तितक्याच दिवसांत उतरवायचे. रोज चार लिटर खारे पाणी काढायचे, तितकेच गोडे घालायचे, आणि उडालेले पाणीही गोड्यानेच भरायचे. एका फटक्यात उतरवले असते तर कोमल पेशींना तो दुसरा आघात ठरला असता. हात पाण्याबाहेर ठेवणे हा या उपचाराचा सर्वांत अवघड भाग होता. घरात एखादा माणूस आजारी असताना आपण त्याच्या उशाशी बसून काही ना काही करत राहतो, आणि त्यात आपलेच समाधान अधिक असते. समुद्रपुष्पापुढे ती सोय नाही.

अकराव्या दिवशी ते अर्धे उघडले, पण पांढरे पडलेले होते, कारण शैवालांनी वस्ती सोडली होती. अशा फिकट समुद्रपुष्पाला एकदम प्रखर उजेड देऊ नये. दिवे मंद ठेवावेत, हळूहळू वाढवावेत, आणि शैवाले परतेपर्यंत आठवड्यातून दोनदा कोळंबीचे मसुराएवढे तुकडे भरवून उपजीविका चालवावी. या रिकाम्या रंगाचा फायदा घेणारे लोकही आहेत: फिकट समुद्रपुष्प पिवळ्याजर्द रंगात बुडवून विकले जाते, आणि ग्राहकाला वाटते ते त्याचे सौंदर्य, रंगाखाली उपासमार चाललेली असते. नव्याने आणलेल्या समुद्रपुष्पांना जीवाणूंचा संसर्ग असेल तर जाणकार मंडळी वेगळ्या पेटीत प्रतिजैविकाचा उपचार करतात. तो प्रकार मी स्वतः केलेला नाही, आणि माणसाची औषधे माशांच्या पेटीत ओतण्याचा हौशी उत्साह मला पसंतही नाही.

हात पाण्याबाहेर ठेवण्याच्या संयमाचा सर्वांत थोर दाखला स्कॉटलंडमधला आहे. 1828 साली सर जॉन ग्रॅहम डालयेल यांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लाल समुद्रपुष्प उचलले आणि एडिंबरोला एका काचेच्या बरणीत ठेवले. त्याला पुढे लोक 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. तिचे खाणे शिंपल्याच्या मांसाचे, तेही पंधरवड्यातून एकदा. ती जात शैवालांवर अवलंबून नसते, म्हणून दिव्याचा प्रश्न नव्हता. पण बरणीतले समुद्रजल नियमाने बदलावे लागे, आणि हा नियम 1851 साली डालयेल वारल्यावरही तुटला नाही. एकामागून एक चार गृहस्थांनी आजीबाईचा ताबा घेतला, त्यातले शेवटचे दोघे तेथील शाही वनस्पती उद्यानातले. 1857 च्या वसंतात तिने एका रात्रीत 230 पिल्ले दिली. ती 4 ऑगस्ट 1887 रोजी वारली, आणि 'स्कॉट्समन' या वृत्तपत्राने तिचा मृत्युलेख छापला. एकोणसाठ वर्षे, पाच पालक. ना पंखा, ना क्षारतामापक, ना बाटलीतले औषध.

माझ्या रुग्णाचा तपशील सांगून आपली रजा घेतो. पावसाळा संपता संपता त्याला पुन्हा तपकिरी झाक आली, मासे परतले, आणि मार्गशीर्षात एका सकाळी खडकावर एकाऐवजी दोन समुद्रपुष्पे दिसली. मध्यभागी चिरून ते स्वतःच दुभागले होते. ही जात भरल्या पोटीही दुभागते आणि त्रासानेही दुभागते, त्यामुळे मी आनंद मानावा की पुन्हा मिठाचा हिशेब काढावा, हे ठरेना. मापक पाहिला, 1.026. मासे उजव्याकडच्यात राहतात. डावीकडचे अजून रिकामे आहे, आणि आजारी पडले होते ते यांतले कोणते, हे मला सांगता येत नाही.