राष्ट्रपतींची सही आणि वाडीचा नळ



गेल्या महिन्यात कोलाडच्या या वर्गात एका बाईंनी आम्हांला विचारले, "गुरुजी, आता लिहिता येतं. पहिलं पत्र राष्ट्रपतींना लिहू का? चैतापासून आमच्या वाडीत नळाला पाणी नाही." वर्गात हसू पिकले. पण त्यात हसण्यासारखे काय होते? गाऱ्हाणे सगळ्यांत मोठ्या माणसाकडे न्यावे, असे आपण पूर्वीपासून ऐकत आलो. म्हणून आज राष्ट्रपतींच्या सत्तेविषयी थोडे बोलू.

राष्ट्रपती हे देशाचे पहिले नागरिक. तिन्ही सैन्यदलांचे सरसेनापतीही तेच. संसदेने मंजूर केलेला कायदा त्यांच्या सहीशिवाय लागू होत नाही. ऐकून वाटते, केवढी ही सत्ता! पण घटनेत आणखीही एक गोष्ट लिहिली आहे. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे. सल्ला पटला नाही, तर फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. पुन्हा तोच आला, की मानावा लागतो. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. त्यांनाही हाच नियम. जळगावातला एखादा नळसुद्धा त्यांना नुसत्या हुकुमाने सुरू करता आला नसता.

मग ती सही नुसती शोभेची का? तसेही नाही. २५ जून १९७५ च्या रात्री एका सहीने देशात आणीबाणी आली. सल्ला पंतप्रधान इंदिरा गांधींचा, सही राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची. दिवस उजाडेपर्यंत कितीतरी पुढारी तुरुंगात होते.

दुसरी गोष्ट आपल्या शेतातली. २०१९ साली दिवाळीच्या सुमारास कोकणात अवेळी पाऊस पडला. कापलेले भात भिजले. तिकडे मुंबईत निवडणूक होऊनही सरकार बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. मंत्री नाहीत, राष्ट्रपतींच्या वतीने राज्यपाल कारभार बघणार. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनीच मदत जाहीर केली. खरिपाच्या पिकाला हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. आता हिशेब करा बघू. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. गुंठ्याला पडले साधारण ८० रुपये. वीस गुंठेवाल्याला साधारण १,६००. मजुरी तरी सुटली का, ते तुम्हीच सांगा.

पण त्या वीस गुंठ्यांतले भात भिजले, हे लिहायचे कोणी? राष्ट्रपतींनी नव्हे, राज्यपालांनीही नव्हे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी. त्यालाच पंचनामा म्हणतात. पंचनाम्यात नाव नाही, तर वर कोणाचीही सही असो, पैसा हाती यायचा कसा? सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असला, तर आणखी घोळ. २३ नोव्हेंबरला पहाटे राजवट उठली. पंचनाम्याचा कागद मात्र तलाठ्याकडचाच राहिला.

आता नळाकडे येऊ. वाडीच्या नळाचा कारभार ग्रामपंचायतीचा. राष्ट्रपती भवनात लोकांचे अर्ज घेतात, नाही असे नाही. पण तिथून ते त्या त्या खात्याकडे पाठवतात. म्हणजे दिल्लीहून मुंबई, मुंबईहून अलिबाग, अलिबागहून रोहा, आणि शेवटी ग्रामपंचायतीच्याच टेबलावर. एवढा फेरा कशाला? टेबल तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

बाईंनी अर्ज वर्गातच लिहिला. 'पाणी' शब्दातला ण तीनदा खोडला. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक ग्रामपंचायतीत दिली, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. याला पोच म्हणतात. ती जपून ठेवायची. नळाला पाणी अजून आलेले नाही. विषय येत्या ग्रामसभेत निघायचा आहे, आणि वाडीतल्या सगळ्या बायका जाणार आहेत.

राष्ट्रपतींनाही त्यांनी एक पोस्टकार्ड टाकलेच. आम्ही विचारले, "आता हे कशाला?" तर म्हणाल्या, "पाण्यासाठी नाही, गुरुजी. मला लिहिता येतं, एवढंच कळवलं."