घरातला दुसरा रुग्ण



रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्याला शतक होत आले, तरी गुप्तरोगांचे नाव घेताना आपला आवाज अजून खाली येतो.

आपल्या नवी मुंबईचेच पाहा. तुर्भ्याच्या बाजारात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत राबणाऱ्या कितीतरी पुरुषांचे कुटुंब गावी असते. समजा, अशा एकाला परमा झाला. औषध घेऊन तो बरा झाला, सुट्टीत गावी गेला आणि रोग पुन्हा घेऊन परतला. मागच्या फेरीतच बायकोला लागण झाली होती आणि तिच्यावर उपचार झालेच नव्हते. स्त्रीला या रोगाची लक्षणे पुष्कळदा जाणवतही नाहीत. पुढे गर्भनलिका बिघडून मूल होईनासे झाले, तर बोल मात्र तिलाच लागतो.

मग डॉक्टरांनी नवऱ्याच्याच हाती तिचेही औषध द्यावे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००१ पासून क्लॅमिडिया या रोगापुरती तशी मुभा कायद्याने मिळाली. पुढे बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. उलट २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, निदानावाचून औषध देणे हा दंडनीय निष्काळजीपणा होय, असे म्हटले. ते प्रकरण बाळंतपणाचे होते. तरी डॉक्टरांना त्याचा धाक वाटणारच.

माझ्या मते पुडी नवऱ्याच्या हाती देणे आपल्याला मानवणारे नाही. ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून तो त्या बायकोला देईल. ती गरोदर आहे काय, एखादे औषध तिला सोसत नाही काय, हे कोण विचारणार? मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम घालून दिले. त्यांच्या चौकटीत डॉक्टर व्हिडिओवर तिच्याशी स्वतः बोलू शकतात, योग्य वाटल्यास तिच्या नावे वेगळी चिठ्ठी लिहू शकतात.

आणि रोग आधी बायकोला कळला तर? एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्यात, सांगितल्याने तिला मारहाणीचे वा घराबाहेर काढले जाण्याचे भय असेल, तर डॉक्टरांनी नवऱ्याला कळवू नये, अशी तरतूद आहे. इतर गुप्तरोगांतही डॉक्टरांनी हाच विवेक पाळावा.

तो फोन लावून देण्याचे धैर्य मात्र नवऱ्यालाच दाखवावे लागेल. ते कोणत्याही कायद्याने येणार नाही.