सुगरणीचा खोपा आणि आपली वस्ती



आज पाखरांविषयी बोलू. पाखरांचे काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. पण पाखरू घरटे कधी करते, कुठे करते, हे पाहिले की आपल्या गावात काय चालले आहे तेही कळते.

आम्ही भाईंदरचे. राई, मुर्धे, मोर्वा ही आमच्या शेजारची गावे. पूर्वी इकडे भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीकाठी तिवरे. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत माणसे आठ लाखांवर भरली. इमारती उठल्या. माणसालाही घरटे लागतेच की!

आता सुगरण बघा. खोपा सुगरणीचा म्हणतात, पण विणतो नर. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम गावी या खोप्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवली. त्यांना दिसले ते असे. नर खोपा अर्धा विणतो. मादी येऊन तपासते. पसंत पडला तर ती राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! हसू नका, खरे आहे.

खोप्याला भाताच्या, गवताच्या नाहीतर शिंदीच्या पानांच्या हिरव्या लांब पट्ट्या लागतात. पिलांना किडे लागतात. हे सारे पावसाबरोबर येते. पाऊस लांबला की खोपाही लांबतो. आणि खाचरच बुजले, तर पट्टी आणायची कुठून?

पारव्याचे मात्र बरे चालले आहे. तो मूळचा कड्याकपारीतला. उंच इमारत त्याला कडाच वाटते. त्याची वीण तर वर्षभर चालते.

चिमणीचे तसे नाही. आमचे घर कौलारू होते. वाशाच्या सांदीत, तसबिरीमागे चिमणी घरटे करी. काडीकचरा खाली पडे, घरात कुरकुर होई. आम्ही स्लॅबचे घर बांधले. भिंतीला एक भोक ठेवले नाही. पुढल्या चैत्रात चिमणा-चिमणी दोन दिवस भिंतीशी फडफडली, आणि गेली. शाळेत आम्ही मुलांना चिमणीचा धडा शिकवीत होतो, आणि घरी हे केले. आता पडवीत लाकडी खोके टांगले आहे. अजून रिकामेच आहे.

आणखी एक गोष्ट, उन्हाची. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. बहुतेक चार. ऊन तापले की ती अंड्यांवर उभी राहून सावली धरते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते नि अंडी गार करते. त्यासाठी डबके जवळ हवे. कोळसा आणि तेल जाळून जाळून जगाची हवा तापत चालली आहे. इकडे ऊन वाढते आणि डबके भरावाखाली जाते. टिटवीने करावे काय?

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या एका रानात चिमणीएवढ्या एका पाखराची अंडी घालण्याची तारीख १९४७ पासून लिहून ठेवतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीपेक्षा ते आता सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालते. कारण वसंतातली ऊब लवकर येते, आणि पिलांना भरवायच्या अळ्याही लवकर निघतात. हे कळले कशाने? वहीने.

तुम्हाला आता लिहिता येते. पहिला पाऊस पडला, तारीख लिहा. विहिरीवरच्या शिंदीला पहिला खोपा दिसला, तारीख लिहा. किती खोपे, तेही लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.

पुढल्या वेळी वह्या घेऊन या. आम्ही आमची आणतो.